संगणकाच्या पडद्यावरील अस्थिर चित्र : कारणशोधाचा एक पाठ

प्रास्ताविक

सिंदफणेच्या काठी वसलेले शिरूर कासार हे बीड जिल्ह्यातील एका अवर्षणप्रवण तालुक्याचे ठिकाण होय. या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी गाव सोडतात आणि साखर कारखान्यांचा हंगाम संपला म्हणजे परत येतात. ज्या मुलांना आईबापांबरोबर जावे लागते, त्यांच्या वाट्यास शाळेचे दिवस थोडे येतात. मागे राहणारी मुले आजीआजोबांपाशी अथवा हंगामी वसतिगृहात राहून शिकतात. अशा मुलांच्या शाळेतील संगणक एक महिना बंद राहिला, तर कित्येकांच्या दृष्टीने तो वर्षभर बंद राहिल्यासारखाच होतो.

दिनांक २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत जिल्हा परिषदांच्या पुष्कळ शाळांतून लोकसहभागाने संगणक आले. गावकऱ्यांनी पदरमोड करून दिलेली ही वस्तू आहे. परंतु तिच्या पडद्यावरील चित्र एके दिवशी थरथरू लागते किंवा लुकलुकू लागते. मग कोणी पडद्याच्या पाठीवर थापट्या मारतो, कोणी सर्व वायरी एकदम उपसून पुन्हा खोचतो. काही दिवसांनी यंत्रावर कापड पडते, आणि पुढे जडवस्तू संग्रह नोंदवहीत 'नादुरुस्त' असा शेरा लागून ते निर्लेखनाची वाट पाहू लागते. वास्तविक पुष्कळदा दोष एखाद्या सैल पेचाचा किंवा ढिल्या सॉकेटचा असतो.

विहिरीवरील मोटार चालू असून पाणी वर येत नसेल, तर जाणता शेतकरी एकदम मोटार खोलीत नाही. तो प्रथम स्टार्टर व फेज पाहतो, मग फूटव्हॉल्व पाहतो, मग पाइपाचे सांधे तपासतो. बाहेरून आत जावे आणि एका वेळी एकच गोष्ट पाहावी, हा त्याचा क्रम असतो. हाच क्रम संगणकाच्या पडद्यास लागू आहे. पुढील विवेचनाचा हेतू दुहेरी आहे. शिक्षकाला शाळेतील पडद्याचा दोष शोधता यावा, हा पहिला. आणि त्या शोधातून मुलांना कार्यकारणभावाचा प्रत्यक्ष पाठ मिळावा, हा दुसरा.

१. चित्र स्थिर दिसते ते कशामुळे?

पडद्यावरील चित्र वास्तविक एका जागी ठरलेले नसते. ते एका सेकंदात अनेकदा नव्याने रेखाटले जाते. डोळा व मेंदू यांना अतिशय त्वरेने होणारे बदल वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून ती सर्व रेखाटने मिळून एकच स्थिर चित्र भासते. चलच्चित्रांची कलाही याच गुणावर उभी आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईतील कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला. त्याही पूर्वी त्यांनी रोपाची वाढ दाखविणारा एक लहान चित्रपट घेतला होता. दिवसांच्या अंतराने टिपलेली सुटी चित्रे भरभर दाखविल्यामुळे प्रेक्षकांना रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसले. चित्रांची गती पुरेशी असली की सुटेपणा लोपतो, आणि गती अपुरी पडली की चित्र लुकलुकते.

संगणकाचे पडदे मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. जुना, पाठीमागे फुगीर असलेला पडदा ही एक काचेची मोठी नलिका असते. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनंड ब्राउन यांनी १८९७ मध्ये केलेल्या नलिकेचे ते विकसित रूप होय. तिच्यात इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्याच्या आतील लेपावर डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ, वरपासून खालपर्यंत फिरतो. चुंबकाच्या योगे हा झोत वळविलेला असतो. म्हणून बाहेरचे चुंबकही त्याला वळवू शकते. सेकंदास ६० फेरे झाले तरी कित्येकांच्या डोळ्यांना अशा पडद्याचे लुकलुकणे जाणवते. ७५ किंवा ८५ फेऱ्यांना ते बहुधा नाहीसे होते.

नवा चपटा पडदा निराळा असतो. त्यातील प्रत्येक ठिपका पुढील आज्ञा येईपर्यंत आपला रंग धरून ठेवतो. म्हणून त्यास सेकंदास ६० फेरे पुरतात. त्याच्या मागे उजेडासाठी जुन्या प्रकारात बारीक नळ्या व नव्या प्रकारात एल. ई. डी. दिवे असतात. चपट्या पडद्यावर जवळच्या चुंबकाचा परिणाम होत नाही. परंतु मागचा उजेडच अस्थिर झाला, तर संपूर्ण चित्र लुकलुकते. म्हणून शिक्षकाने आपल्यासमोरील पडदा कोणत्या प्रकारचा आहे, हे सर्वांत आधी पाहावे.

२. अस्थिरतेचे प्रकार

'चित्र हलते' एवढे सांगून भागत नाही. ताप म्हटल्याने जसा रोग कळत नाही, तसेच हे आहे. कसे हलते, हे नेमके सांगता आले की अर्धे काम झाले.

(अ) संपूर्ण चित्र लुकलुकते : फुगीर पडद्यात फेऱ्यांची संख्या कमी असणे, चपट्या पडद्यात मागचा उजेड किंवा वीज अस्थिर असणे, ही संभाव्य कारणे. काही एल. ई. डी. पडद्यांत उजेड मंद केला असता दिवे अतिशय जलद चालू-बंद होऊन तो मंदपणा साधला जातो. तेथे उजेड थोडा वाढविताच त्रास कमी होतो.

(आ) चित्र पाण्यातील प्रतिबिंबासारखे डोलते : फुगीर पडद्याजवळ ध्वनिवर्धक, पंखा किंवा स्टॅबिलायझर ठेवलेला असावा. येथे एक सुंदर हिशेब मुलांपुढे मांडता येतो. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तने करते. परळी येथील औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी वाफेचे चक्र मिनिटास ३००० फेरे घेते, म्हणजेच सेकंदास ५०. त्यातून ही संख्या येते. पडद्याचे फेरे ६० असले, तर दोहोंतील अंतर १०. म्हणून स्टॅबिलायझरजवळचे चित्र सेकंदास सुमारे १० वेळा थरथरते.

(इ) चित्र वर-खाली सरकते अथवा तिरपे फाटते : ओळ कोठे सुरू करावयाची व नवे चित्र कोठून आरंभावयाचे, याचे इशारे पडद्यापर्यंत पोहोचत नसावेत. बहुधा केबलचा दोष असतो. कधीकधी पडद्यास न पेलणारी मांडणी संगणकात निवडलेली असते.

(ई) रंग बदलतो : पांढऱ्या जागी पिवळा रंग दिसला, तर निळ्याचा इशारा तुटलेला आहे. लाल तुटला तर पांढरे निळसर-हिरवे दिसते, आणि हिरवा तुटला तर गुलाबी-जांभळे दिसते. केबल हलविताच रंग परत येत असेल, तर दोषाची जागा सापडलीच.

(उ) अक्षरांच्या कडा थरथरतात : चपटा पडदा जुन्या पद्धतीच्या, तीन ओळींत पिना असलेल्या केबलने जोडला असेल, तर पडद्यावरील 'ऑटो' हे बटण एकदा दाबावे. पडदा आपली जुळणी स्वतः करून घेतो.

(ऊ) चित्र जाते व येते : प्लग ढिला असणे, पडद्याच्या आतील वीजपुरवठ्याचा भाग थकलेला असणे, अशी कारणे संभवतात.

३. शोधाचा क्रम

पहिली पायरी : निरीक्षण व नोंद. कोणत्या वेळी चित्र हलते, त्या वेळी वर्गातील ट्यूबलाइट व पंखा मंदावतात काय, एकच कार्यक्रम उघडला असता हलते की सदैव हलते, हे एका वहीत तारीख व वेळ घालून लिहावे. शेतीच्या मोटारी सुरू होण्याच्या वेळेसच चित्र बिघडत असेल, तर दोष पडद्याबाहेर असण्याचा संभव मोठा.

दुसरी पायरी : प्लग व बोर्ड. पडद्याचा प्लग दुसऱ्या घट्ट सॉकेटमध्ये बसवून पाहावा. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर पंखा, ध्वनिवर्धक व संगणक असे सर्व लादलेले असेल, तर इतर उपकरणे तात्पुरती काढावीत. यू. पी. एस. मार्फत जोडणी असेल, तर पडदा थोडा वेळ थेट बोर्डावर लावून फरक पडतो काय ते पाहावे.

तिसरी पायरी : केबल. संगणक व पडदा दोन्ही बंद करून केबल काढावी. जुन्या पद्धतीच्या केबलला तीन ओळींत मिळून १५ पिनांची जागा असते. ही रचना १९८७ पासून प्रचारात आली. वाकलेली पीन असल्यास ती दिसून येते. मात्र कित्येक केबलींत मधल्या ओळीतील एक पीन मुळातच नसते. ती तुटली असे समजून केबल टाकून देऊ नये. केबल सरळ बसवून दोन्ही बाजूंचे पेच बोटांनी घट्ट करावेत. पेच न लावता केबल नुसती टेकवून ठेवणे, हे अस्थिर चित्राचे फार नेहमीचे कारण आहे.

चौथी पायरी : पडद्याची स्वतःची यादी. प्रत्येक पडद्यास उजेड, रंग इत्यादी बदलण्यासाठी बटणे असतात. ती दाबली की एक लहान यादी उमटते. ही यादी संगणकाकडून येत नाही, ती पडदा स्वतः रेखाटतो. म्हणून मागील चित्र हलत असताना ही यादी स्थिर राहिली, तर दोष बहुधा केबलचा किंवा संगणकाचा. यादीही हलू लागली, तर पडद्याचा, त्याच्या विजेचा किंवा शेजारच्या उपकरणाचा. साधनांवाचून करता येणारी ही सर्वांत उपयुक्त कसोटी होय.

पाचवी पायरी : शेजार. फुगीर पडद्यापासून ध्वनिवर्धक, पंखा व स्टॅबिलायझर तीन-चार हात दूर न्यावेत. परंतु सर्व एकदम नव्हे, एकेक.

सहावी पायरी : संगणकातील मांडणी. पडद्याच्या मांडणीत जाऊन चपट्या पडद्यास सेकंदास ६० फेरे, आणि फुगीर पडद्यास त्याला झेपतील तर ७५ किंवा ८५ फेरे निवडावेत. विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या असता 'टास्क मॅनेजर' उघडतो. इतर सर्व लुकलुकत असून तो तेवढा स्थिर असेल, तर एखाद्या कार्यक्रमाचा दोष संभवतो. तोही लुकलुकत असेल, तर चित्राचे नियंत्रण करणारी ड्रायव्हर नावाची आज्ञावली नव्याने घालावी लागेल.

सातवी पायरी : अदलाबदल. शेजारच्या शाळेतून किंवा केंद्रशाळेतून चांगली केबल वा पडदा घटकाभर आणता आला, तर शंका राहत नाही. आपला पडदा दुसऱ्या संगणकावर हलला, तर तो सदोष. दुसरा पडदा आपल्या संगणकावर हलला, तर आपली केबल, संगणक किंवा वीज सदोष.

येथवर येऊनही दोष राहिला, तर तो पडद्याच्या आत आहे असे समजून कारागिराकडे जावे. आतील वीजपुरवठ्याच्या पट्टीवरील कपॅसिटर फुगणे हा जुन्या चपट्या पडद्यांचा एक परिचित आजार आहे. तो सुटा भाग बदलता येतो. त्यासाठी संपूर्ण पडदा निर्लेखित करण्याचे कारण नसते. सोबत नोंदवही दाखविली, तर कारागिराचा वेळ वाचतो व शाळेचे पैसेही.

४. गावातील वीज व अर्थिंग

घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट धरलेला आहे. गावात ज्यास 'डी. पी.' म्हणतात त्या रोहित्रावर भार वाढला म्हणजे हा दाब उतरतो. पडद्याच्या पाठीवरील पट्टी शिक्षकाने वाचावी. तेथे '१००-२४०' असे लिहिलेले असेल, तर दाब थोडाफार उतरल्याने पडद्याने लुकलुकू नये. तरीही तो लुकलुकत असेल, तर ढिल्या जोडणीचा संशय घ्यावा. ढिल्या जोडणीत ठिणग्या पडतात व उष्णता निर्माण होते. म्हणून बोर्ड गरम लागणे किंवा जळका वास येणे हा चित्रापुरता प्रश्न राहत नाही; तेथे मेन स्विच तत्काळ बंद करून वायरमनला बोलवावे.

अर्थिंगकडे विशेष लक्ष पुरवावे. जमिनीत ओल असते तोवर अर्थिंग चांगले काम देते. अवर्षणाच्या प्रदेशात उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, भेगाळते, आणि अर्थिंगच्या खड्ड्यातील मीठ-कोळशाचा थरही सुकतो. परिणामी ध्वनिवर्धकात घुमणारा आवाज व पडद्यावर सरकणारे आडवे पट्टे दिसू शकतात, आणि धातूच्या पेटीस हात लावताच झिणझिण्या येतात. असे झाल्यास वापर थांबवून खड्डा वायरमनकडून तपासून घ्यावा, व उन्हाळ्यात त्यात वेळोवेळी पाणी घालण्याची व्यवस्था ठेवावी. सॉकेट दोन छिद्रांचे आहे म्हणून प्लगची तिसरी जाड पीन कापून टाकणे हा जिवाशी खेळ आहे.

५. सावधगिरी

फुगीर पडद्याच्या आत सुमारे २५,००० व्होल्टपर्यंत दाब असतो, आणि वीज बंद केल्यावरही तो बराच काळ टिकून राहू शकतो. म्हणून कोणताही पडदा शिक्षकाने उघडू नये व मुलांना उघडू देऊ नये. ओल्या हातांनी प्लग हाताळू नये. वळवाच्या पावसात विजा चमकू लागताच प्लग काढून ठेवावा.

लुकलुकणाऱ्या पडद्यासमोर मुलांना बसवू नये. डोळ्यांस पाणी येणे व डोके दुखणे हे नेहमीचे त्रास आहेत. क्वचित त्याहून गंभीर प्रसंग येतो. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवरील एका व्यंगचित्रमालेत लाल व निळा प्रकाश सेकंदास सुमारे १२ वेळा झगमगला, आणि त्या सायंकाळी सहाशेंहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. प्रकाशाच्या झगमगाटाने काही मोजक्या मुलांना अपस्माराचा झटका येऊ शकतो. असे झाल्यास मुलाला कुशीवर निजवावे, तोंडात काही घालू नये, चप्पल किंवा कांदा हुंगविण्याच्या भानगडीत न पडता डॉक्टरांची मदत घ्यावी. एखादा मुलगा 'पडदा पाहून गरगरते' म्हणाला, तर त्याला टाळाटाळ समजून रागावू नये.

६. वर्गातील पाठ

इयत्ता : पाचवी ते सातवी. वेळ : दोन तासिका. साहित्य : पुठ्ठा, दोरा, पेन्सिल, जुनी केबल, फळा.

पूर्वतयारी : पुठ्ठ्याची गोल चकती कापून तिच्या एका बाजूस पिंजरा व दुसऱ्या बाजूस उलटा पोपट काढावा. दोन्ही कडांना दोरे बांधून पीळ द्यावा व सोडावा. चकती भरभर फिरू लागली की पोपट पिंजऱ्यात बसलेला दिसतो. 'पोपट पिंजऱ्यात केव्हा जातो?' असा प्रश्न विचारून मुलांकडूनच 'चकती हळू फिरली तर जात नाही' हे उत्तर काढून घ्यावे.

दुसरा प्रयोग : पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल झपाट्याने डावी-उजवीकडे हलवावी. पडद्याचा उजेड सलग असेल, तर पेन्सिलीचा एक अखंड पंखा दिसतो. उजेड लुकलुकत असेल, तर अनेक सुट्या पेन्सिली दिसतात. तसेच फुगीर पडद्याकडे समोरून न पाहता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहण्यास सांगावे. डोळ्याच्या कडेची दृष्टी लुकलुकणे अधिक तत्परतेने टिपते.

मुख्य भाग : फळ्यावर निरीक्षण, अनुमान, कसोटी व निष्कर्ष असे चार रकाने आखून एक उदाहरण सोडवावे. समजा, एका द्विशिक्षकी शाळेत टेबलपंखा लावला की पडदा लुकलुकतो. पंखा व पडदा एकाच बोर्डावर आहेत. मुले दोन अनुमाने करतील : पंख्याच्या जवळपणाने असे होते, किंवा बोर्ड ढिला असल्याने होते. आता शिक्षकाने विचारावे, 'यांतील खरे कोणते, हे कसे ठरवाल?' कोणी म्हणेल, पंखा दूर नेऊन दुसऱ्या बोर्डावर लावू. त्या मुलाचे कौतुक करून दाखवून द्यावे की, यात दोन गोष्टी एकदम बदलल्या; दोष गेला तरी कशामुळे गेला ते कळणार नाही. म्हणून प्रथम प्लग तोच ठेवून पंखा चार हात दूर न्यावा. तरी लुकलुकणे राहिले, म्हणजे जवळपणाचे अनुमान गळाले. नंतर पंखा त्याच नव्या जागी ठेवून केवळ प्लग दुसऱ्या बोर्डावर लावावा. लुकलुकणे थांबले. शेवटी प्लग पुन्हा पहिल्या बोर्डावर लावावा. लुकलुकणे परत आले, म्हणजे संशय बोर्डावर पक्का झाला. दोष घालविता येणे ही अर्धी परीक्षा; तो पुन्हा उत्पन्न करून दाखविता येणे ही पूर्ण परीक्षा होय. प्रत्यक्ष प्लग काढण्याघालण्याचे काम शिक्षकाने स्वतः करावे. मुलांनी सांगावे व लिहावे.

पाचवीतील मुलांना ही रीत एकदा उमगली, म्हणजे ती पडद्यापुरती राहत नाही. घरची विजेरी न पेटणे, सायकलची साखळी वारंवार पडणे, कुंडीतील रोप सुकणे, यांकडेही ती त्याच नजरेने पाहू लागतात. तोडीच्या हंगामात गाव सोडून जाणाऱ्या मुलाबरोबर पुस्तके फार जात नाहीत, संगणक तर जातच नाही. परंतु 'एका वेळी एक गोष्ट बदलून पाहावी' ही सवय त्याच्याबरोबर खोपीपर्यंत जाऊ शकते.

७. स्वाध्याय

(१) पडद्यावर पांढऱ्याऐवजी पिवळा रंग दिसतो. कोणता इशारा तुटला असावा? का?

(२) मागील चित्र हलते, परंतु पडद्याची यादी स्थिर आहे. दोष कोणत्या बाजूस शोधावा?

(३) पडद्याचे फेरे सेकंदास ७५ केले, तर ५० आवर्तनांच्या विजेजवळ चित्र सेकंदास किती वेळा थरथरेल?

(४) घरातील एखादी बिघडलेली वस्तू घेऊन चार रकान्यांची नोंद करा. प्रत्येक कसोटीत एकच बदल केला आहे, याची खात्री करून घ्या. विजेची वस्तू निवडू नका.

शाळाशाळांनी नोंदवहीचे एक पान संगणकाच्या शेजारी कायम टांगून ठेवावे. नवीन शिक्षक बदलून आले, तरी पूर्वी काय बिघडले व कशाने सुधारले, हे त्यांना त्या पानावरून कळेल. यंत्रावर कापड घालण्यापूर्वी किंवा 'नादुरुस्त' असा शेरा लिहिण्यापूर्वी वरील सात पायऱ्या झाल्या आहेत किंवा नाहीत, हे मुख्याध्यापकांनी त्या पानावर पाहूनच सही करावी.